मोकलांचा पोर्टपोलिओ

पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हाची ही हकीकत. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे डार्करूम म्हणून वापरात घेतलेली मोरी, दोन छत्रीवाले दिवे आणि भिंतीवर एक रंगवलेला पडदा. पडद्यावर सरोवर, सरोवरात दोन हंस, मागे बर्फाचे डोंगर. आमच्या भागातल्या कित्येक मुलींची लग्नं त्या हंसांसमोर काढलेल्या फोटोंवर जमली. बाकी धंदा पासपोर्ट फोटोंचा आणि सीझनमध्ये लग्नांचा. अशा दुकानात एके दुपारी वसंत मोकल आले आणि पायरीवरूनच ओरडले,

"पोर्टपोलिओ करता काय?"

त्या दिवसांत गावोगाव पोलिओच्या डोसाचे कर्णे फिरत होते. मी मान वर न करता सांगितलं, "काका, डोस सरकारी दवाखान्यात. आणि तो लहान मुलांना देतात."

"मुलांना नाय. माझा करायचाय."

मी मान वर केली. पन्नाशीच्या आसपासचा माणूस. पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कंपनीची रेक्झिनची बॅग. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर कुणीतरी घाईघाईत एक इंग्रजी शब्द लिहिला होता. तो वाचल्यावर सगळा उलगडा झाला. मोकलांना सिनेमात जायचं होतं आणि त्यासाठी फोटोंचा अल्बम हवा होता.

झालं होतं असं. रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग होतं. मोकल वीकली ऑफला बघायला गेले. गर्दीतून पुढे सरकत सरकत थेट कॅमेऱ्यासमोर पोहोचले. तिथं टोपीवाल्या एका माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार पावलं बाजूला नेत म्हणाला, "तुमचा चेहरा चांगला आहे. पोर्टफोलिओ घेऊन मुंबईला या." माझा आजही समज आहे की त्या माणसाला मोकलांना कॅमेऱ्यासमोरून हटवायचं होतं, एवढंच. पण मोकल हटले ते थेट माझ्या दुकानात आले.

"रोह्यात फोटोवाले आहेत की," मी म्हटलं.

"हायत. पण रोह्यात काढला की संध्याकाळपर्यंत वरशात कळतं, आणि वरशात कळला की आमच्या घरी कळतो." वरसे म्हणजे रोह्याला लागून असलेलं गाव, मोकल तिथे राहायचे. ही गुप्त गोष्ट त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितली की समोरच्या कारखान्यात रंगकाम करणारे दोघे ब्रश हातात धरून दारात आले.

मोकलांना हळू बोलताच येत नसे. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते बॉयलरवर होते. तेवीस वर्षं बॉयलरच्या घरघरीवर ओरडून बोललेल्या माणसाला दुसरा आवाज उरलेला नव्हता. "आमचे हे घरात बोलले की शेजारी उत्तर देतात," असं त्यांच्या बायको, यशोदाकाकू, पुढे मला म्हणाल्या होत्या.

मी विचारलं, "या वयात हे कशाला, काका?"

त्यांनी बॅगेतून एक मोठा फोटो काढला. कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा, सगळ्या कामगारांचा. चार रांगा, शंभरेक माणसं. त्यांनी तिसऱ्या रांगेत बोट ठेवलं. तिथे एक आडव्या अंगाचा माणूस हसत उभा होता.

"हा कँटीनचा सावंत," ते म्हणाले. "आणि त्याच्या मागं हा माझा कान."

खरोखरच एक कान दिसत होता.

"बॉयलरवर तोंडाला फडका, डोक्याला हेल्मेट. मॅनेजर मला चालीवरून ओळखतो. एकदा मी लंगडलो तर म्हणाला, नवीन माणूस कोण घेतला? आता कुणीतरी नीट बघू दे की माझ्याकडं."

 मी पुढच्या रविवारची वेळ दिली.

रविवारी मोकल दोन बॅगा घेऊन सकाळीच हजर. दोन्हींत पोशाख होते. डॉक्टरसाठी कंपनीच्या लॅबमधला पांढरा कोट. वकिलासाठी काळा रेनकोट, त्याची टोपी आत दुमडलेली. शेतकऱ्यासाठी स्वतःचं धोतर. आणि इन्स्पेक्टरसाठी कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनचा युनिफॉर्म, पट्ट्यासकट.

"वॉचमनने दिला?"

"दिला म्हणजे काय, ड्यूटीवर हाय तो. बनियनवर केबिनमध्ये बसलाय. साहेबाची गाडी आली की नुसता खिडकीतून हात बाहेर काढून सलाम मारतो. म्हणून इन्स्पेक्टर पहिला काढा."

मेकअपचं काय करायचं, हा प्रश्न होता. आमच्याकडे नवरीला पार्लरवाली बाई सजवायची, पण तिने मोकलांचा आवाज ऐकला आणि नाही म्हणून सांगितलं. शेवटी समोरच्या कारखान्यातले सदूभाऊ आले. सदूभाऊ डोळ्यांची आखणी करणारे. त्यांनी डोळे काढलेले गणपती दूरदूर जात. पण जिवंत माणसाच्या चेहऱ्याला त्यांनी हात लावला नव्हता.

सदूभाऊंनी मोकलांना स्टुलावर बसवलं, हनुवटी वर केली आणि तासभर काम केलं. मोकल मध्येच काही बोलायला गेले तर सदूभाऊ शांतपणे म्हणाले, "मान हलवू नका. गणपती हलत नाय."

तासाभराने मोकल आरशासमोर उभे राहिले. गाल गुलाबी, भुवया धनुष्यासारख्या, डोळे कानापर्यंत गेलेले. सदूभाऊ चार पावलं मागे जाऊन बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी राहून गेल्याची रुखरुख दिसत होती, आणि मला खात्री आहे, ती सोंडेची होती.

"इन्स्पेक्टर असा असतो काय?" मोकलांनी विचारलं.

"असला तर लोक पाया पडतील," सदूभाऊ म्हणाले.

खोबरेल तेलाने सगळं पुसून काढलं आणि नुसती पावडर लावून फोटो काढायला सुरुवात केली. वॉचमन बनियनवर बसलेलाच होता.

आता मला मोकलांची खरी खासियत कळली. मी म्हटलं, "काका, राग." ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "काढा की."

"राग आणा आधी."

"आणलाय."

मी कॅमेऱ्यातून नीट पाहिलं. समोर एक शांत, किंचित दुखावलेला चेहरा होता. एखाद्याने त्यांचं पान वाढायचं विसरावं आणि त्यांनी तसं बोलून दाखवू नये, असा. मी फोटो काढला. मग दुःख सांगितलं, तोच चेहरा. आनंद सांगितला, तोच चेहरा. प्रेम सांगितलं तेव्हा त्यांनी मान जराशी डावीकडे केली.

"काका, काही बदलत नाहीये."

"आतून बदलतोय," ते म्हणाले. "वरवर तोंड वाकडा करायला कुणालाही येतं. आतून करायचं. आता मी दुःखात होतो ना, माझ्या पोटात गोळा आला होता. बघा, अजून हाय."

एक आख्खा रोल संपला. छत्तीस फोटो. रोल रंगीत होता म्हणून धुवायला मुंबईला गेला, आठ दिवसांनी प्रती आल्या. पोशाख सोडला तर छत्तीसही फोटो एकसारखे. भावांचा क्रम लिहिलेली माझी वही सापडत नव्हती, त्यामुळे कुठला भाव कुठला ते मलाही सांगता येईना. पण मोकल टेबलाशी बसले, एकेक फोटो उचलला आणि पत्ते लावावेत तसे ढीग लावले.

"हा संशय. हा आनंद. हा पुत्रशोक."

"हा राग ना?"

"नाय, रागात मी बनियन उलटी घातली होती, गळ्याशी शिवण दिसते बघा. हा विरह."

अल्बमच्या प्रत्येक पानाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात भावाचं नाव लिहिलं. दोन दिवसांनी धाटावची फर्स्ट शिफ्ट करून, एसटीने तेवढा प्रवास करून परत आले. 'विरह' आणि 'अपचन' यांची अदलाबदल झाली होती, ती दुरुस्त करून गेले. अपचन कुठल्या भूमिकेसाठी लागतं, हे मी विचारलं नाही.

पुढचं वर्षभर प्रत्येक वीकली ऑफला मोकल अल्बम घेऊन मुंबईला जात. येताना कधी पेणला उतरत, माझ्याकडे चहा घेत आणि कुणी काय म्हटलं ते सांगत. एकाने म्हटलं वजन कमी करा. दुसऱ्याने म्हटलं वाढवा. तिसऱ्याने आख्खा अल्बम बघून विचारलं, "बाकीचे फोटो कुठे आहेत?" मोकल खचत नसत. कंपनीत बातमी फुटलीच होती. पण मोकल 'पोर्टपोलिओ' असंच सांगत राहिल्यामुळे निम्म्या प्लांटची समजूत झाली होती की त्यांना आजार झालाय आणि उपचारांसाठी ते मुंबईला जातात. कँटीनच्या सावंताने त्यांना महिनाभर रोज एक उकडलेलं अंडं जादा दिलं. मोकलांनी ते चाहत्याचं प्रेम समजून खाल्लं.

आणि एक दिवस ते सिलेक्ट झाले.

टीव्हीवर एक कौटुंबिक मालिका सुरू होणार होती. त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. भूमिका घरातल्या कर्त्या पुरुषाची, नायिकेच्या वडिलांची. मोकल शिफ्ट बदलून, नवा शर्ट शिवून मुंबईला गेले. सेटवर पोहोचले तर दिवाणखान्याच्या भिंतीवर, मधोमध, त्यांचाच फोटो लावलेला. अल्बममधला 'आनंद'. हातभर मोठा केलेला, सोनेरी चौकटीत. आणि चौकटीला चंदनाचा हार.

ती भूमिका तेवढीच होती. मालिका सुरू व्हायच्या आधीच वडील वारलेले होते.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"दिवसभर फोटोखाली खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, काय लागलंच तर जवळ असावं." मग ते म्हणाले, "पण शेठ, त्यांचा माणूस काय बोलला माहीत हाय? बोलला, असा चेहरा आम्ही किती दिवस शोधत होतो. कुठल्याही भिंतीवर चालेल."

हे ते अभिमानाने सांगत होते.

मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी आख्खं वरसे टीव्हीसमोर बसू लागलं. मालिकेतली विधवा आई दर भागात एकदा तरी त्या फोटोपुढे उभी राहून रडायची, आणि कॅमेरा सावकाश मोकलांच्या चेहऱ्याजवळ जायचा. तेवीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं, ते आता रोज अर्धं राज्य बघत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात खाडीकाठच्या मूळ गावाहून त्यांची म्हातारी चुलती आली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिने कुणाच्या तरी घरी टीव्हीवर पुतण्याचा फोटो आणि हार पाहिला, आणि पुढचं काही ऐकून न घेता गावातल्या पाच बायका घेऊन, टेम्पो करून निघाली. टेम्पो वरशात शिरला तेव्हाच सहाजणींनी गळा काढलेला होता. दार मोकलांनीच उघडलं.

चुलती रडायची थांबली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग पायरीवर बसत म्हणाली, "वसंता, तू हायस होय. आता काय करू रे? आलेय एवढ्या लांबून."

"चहा घे, काकी."

"घेते. पण थोडी रडून घेऊ दे. ह्या पाचजणींना काम सोडून आणलंय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण यशोदाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी पिशवी भरली आणि नागोठण्याला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच बोलल्या की हार उतरेल तेव्हा येईन.

नागोठण्याहून पेण लांब नाही. चार दिवसांनी काकू माझ्या दुकानात उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ठेंगणी, काटक बाई, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नुकतंच एक पासपोर्टवालं गिऱ्हाईक गेलं होतं, दिवे चालू होते, कॅमेरा स्टँडवर लावलेला होता.

"तूच रे तो फोटोवाला?"

"या काकू, बसा."

"बसायला नाय आले मी. माझ्या कपाळाला कुंकू हाय आणि माझ्या नवऱ्याच्या फोटोला हार. कुणाचा फोटो कुठं लागंल याची तुला काय अक्कल हाय का नाय? आणि ती बया कोण? रोज येऊन त्यांच्यापुढं रडते. ती त्यांची लागते कोण?"

"काकू, ती नटी आहे. ते तिचं काम आहे."

"मी पंचवीस वर्षं त्यांच्यापुढं रडतेय. मान वर करून बघितला नाय कधी. आता तिच्याकडं टक लावून बघतात. पापणी हलवत नाय माणूस."

फोटो आहे, पापणी कशी हलवणार, असं मी म्हणणार होतो. पण माझं लक्ष उडालं होतं. काकू बोलत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक सगळं उमटत होतं. राग, त्याच्या पोटात मत्सर, मध्येच काळजी, मग डोळ्यांत पाणी, मग पाणी आल्याचा पुन्हा राग. आख्खा रोल संपवून एका चेहऱ्यावर जे शोधताना मी थकलो होतो, ते इथे न मागता सांडत होतं. मी कॅमेऱ्यामागे कधी गेलो ते मलाही कळलं नाही. पाचव्या फोटोला त्यांनी आवाज ओळखला.

"खट खट काय करतोस?"

मी कबूल केलं. आता हा कॅमेरा त्या सरोवरात जाणार, असं मला वाटलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, पदर नीट केला, हंसांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आता एक चांगला काढ. माझाही लग्नानंतर फोटो नाय निघाला."

तो काढला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाल्या, "मना भीती वाटते रे. बॉयलरवर असतात. कधी काय होईल सांगता येत नाय. भोंगा अवेळी वाजला तर माझा जीव राहत नाय. आणि इकडं रोज हार बघायचा."

हे मी मोकलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा अर्थातच तसाच होता, पण त्यांनी चहा अर्धा ठेवला. मोकलांनी चहा टाकलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मुंबईला गेले आणि थेट दिग्दर्शकापुढे उभे राहिले. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून कळलेलं.

ते म्हणाले, "हार काढा."

दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्ही वारलात म्हणून तर मालिका सुरू झाली."

"मग गावाला गेलेत असं दाखवा."

"तिच्या कपाळाला कुंकू नाही. सतरा भाग झाले."

"ते मला काय विचारता? मी वारलो हे कुणी बघितला? बॉडी दाखवली काय?"

कोपऱ्यात एक चष्मेवाला लेखक पुढच्या भागात काय लिहावं या चिंतेत बसला होता. तो उठून उभा राहिला. "बॉडी नाही दाखवली," तो म्हणाला. मग दिग्दर्शकाच्या कानाला लागला. आणि त्याच आठवड्यात ठरलं की वडील जिवंत आहेत, दहा वर्षांनी घरी परत येतात.

मोकलांना आता खरोखरचं काम मिळालं. दारातून आत यायचं, बायकोकडे बघायचं आणि म्हणायचं, "सुलभा, मी आलोय."

त्यांनी ते म्हटलं. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरचं यंत्र काढून खाली ठेवलं. दृश्य पुन्हा घेतलं. हळू बोला म्हणाले, मोकल हळू बोलले, तर शेजारच्या सेटवरून माणूस विचारायला आला की काय झालं. नऊ वेळा झालं. शेवटी चष्मेवाल्यानेच तोड काढली. अपघातात वडिलांची वाचा गेली. त्यांनी नुसतं यायचं, दारात उभं राहायचं आणि बघायचं.

तो भाग मी पाहिला. सदूभाऊ आणि त्यांचे दोघे कारागीर माझ्याकडेच आले होते, कारण त्यांना आपल्या गणपतीला बघायचं होतं. मोकल दारात उभे राहिले. चेहरा तोच, शांत, किंचित दुखावलेला. ती नटी त्यांच्याकडे बघत राहिली, तिला काहीतरी म्हणायचं होतं ते ती विसरली असावी, आणि मग ती रडू लागली. सतरा भाग रडत होती तशी नाही. नाक लाल होऊन, वेडंवाकडं तोंड करून.  सदूभाऊ म्हणाले, "आतून केलंन बाबा ह्यांनी."

नागोठण्याला भावाच्या घरी काकूंनीही तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या वरशाला आल्या. मोकल थर्ड शिफ्ट संपवून ओट्यावर बूट काढत बसले होते. काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"उद्या शिफ्ट कुठली?"

"सेकंड," मोकल म्हणाले.

काकू आत गेल्या आणि चूल पेटवली.

मालिकेत मोकल चार भाग राहिले. पाचव्यात चष्मेवाल्याने त्यांना पुन्हा मारलं, आणि या वेळी पुढे वाद नको म्हणून बॉडीही दाखवली. सगळ्यांना धास्ती वाटत होती की काकू पुन्हा पिशवी भरतात की काय. पण टीव्हीवर मोकल पांढऱ्या चादरीखाली निजलेले दिसले आणि काकूंनी पुढे वाकून नीट बघितलं. "पोट हलतंय," त्या म्हणाल्या. "झोपलेत मेले. बघा, घोरतायत पण असतील." नंतर मोकलांनीही कबूल केलं की दिवे गरम होते, डोळा लागला होता. त्यानंतर महिन्याभरात मालिकाच संपली, त्यामुळे फोटो पुन्हा भिंतीवर चढला नाही.

कंपनीत काही दिवस कौतुक झालं. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून हात मिळवला आणि म्हणाला, "मोकल, तुम्ही बोलत नाही तेव्हा फार छान वाटता." मोकलांनी हेही अभिमानाने सांगितलं, आणि मीही ते तसंच ऐकून घेतलं.

मग ते पेणला आले तेव्हा मी त्यांना काकूंचे ते सहा फोटो दिले. त्यांनी ते टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत राहिले. 

"ही अशी दिसते काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

"एवढा वेळ ती उभी कुठं राहते?"

त्यांनी अल्बम उघडला, 'राग' असं लिहिलेल्या पानावरचा स्वतःचा फोटो काढला आणि तिथे काकूंचा बसवला. मुंबईच्या फेऱ्या त्यानंतरही चालू होत्या, पण कमी झाल्या. कुणी विचारलं की हे कोण, तर सांगायचे, "हा राग. घरचा हाय." त्या फोटोवरून आपणही एक दिवस राग शिकू, असं त्यांचं म्हणणं होतं. आरशासमोर उभे राहून त्यांनी प्रयत्नही केला. काकू मागून येऊन विचारायच्या, "दात दुखतोय का?"

पुढे मी स्टुडिओ बंद करून भावाकडे पुण्याला जायचं ठरवलं. त्या आधी रोह्याला एका साखरपुड्याचं शेवटचं काम होतं. ते आटोपून सकाळच्या एसटीने पेणला परत येत होतो. थंडीचे दिवस. वरशाच्या थांब्यावर कुणीतरी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला आणि गाडी थांबली. मोकल होते. त्यांना चढायचं नव्हतं. पेणच्या बहिणीला वालाच्या शेंगा पाठवायच्या होत्या, त्या ते कंडक्टरच्या हवाली करत होते. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीत माझ्याकडे गेली.

"शेठ, तुम्ही हाय ना? मग कंडक्टर कशाला."

शेंगांची पिशवी चांगली भरगच्च होती, ती खिडकीच्या गजांतून आत येईना. त्यांनी दोनदा ढकलून बघितली. मग पिशवीचं तोंड सोडलं आणि मूठ मूठ शेंगा गजांतून माझ्या मांडीवर टाकायला सुरुवात केली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी म्हणत होतो, काका, दारातून द्या. पण त्यांच्या आवाजापुढे माझं कुणाला ऐकू जाणार?

"तिला सांगा, मीठ कमी टाक म्हणावं. बीपी हाय तिला. मिठागरातली पोर ती, हात राहत नाय तिचा. डॉक्टरने सांगितलाय."

गाडी सुटली. मोकल गाडीबरोबर चालायला लागले, मग धावायला, आणि धावता धावता शेवटच्या दोन मुठी आत टाकल्या. काही शेंगा बाहेर पडल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने न विचारता टोपी काढून माझ्यापुढे धरली, मी त्यात शेंगा भरू लागलो. मी बहिणीचं घर विचारायचं राहूनच गेलं होतं. खिडकीतून ओरडून विचारलं तर त्यांनी सगळा पत्ता सांगितला, आळी, घराचा रंग, दारातली कर्दळ. तो मी ऐकला, कंडक्टरने ऐकला, आणि आख्ख्या गाडीने ऐकला.

वळणाच्या आधी मी मागे बघितलं. मोकल रस्त्यात वाकून सांडलेल्या शेंगा एकेक करून उचलत होते. मागून आलेला ट्रक त्यांच्यासाठी थांबून राहिला होता, आणि मोकल एक हात वर करून त्याला सांगत होते की जरा थांब, दोनच राहिल्यात.